व्हॉल्व्ह, कर्णा आणि खर्ज

भोकरदनचा इतिहास सांगायचा म्हटले की सांगणारा आपोआप दोन हजार वर्षे मागे जातो. ते स्वाभाविकही आहे. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवरच्या दानलेखांत 'भोगवर्धन' हे नाव येते आणि ते भोगवर्धन म्हणजेच केळणा नदीकाठचे आजचे भोकरदन, हे विद्वानांना मान्य आहे. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी त्याचा अहवाल सिद्ध केला. या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भग्न भाग सापडला आणि त्याचे पाँपेईत मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी असलेले विलक्षण साम्य अभ्यासकांच्या नजरेत भरले. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गडप झालेल्या रोमन नगराशी आपल्या तालुक्याच्या गावाचे असे नाते निघावे, याचा आम्हा मराठवाड्यातील मंडळींना सार्थ अभिमान वाटतो.

परंतु हे उत्खनन चालू असताना, म्हणजे दुष्काळाच्या त्या करपलेल्या वर्षांत, पांढरीच्या टेकाडावर जे चालले होते त्याचे उत्खनन कोणी केले नाही. लग्नाच्या मांडवात, सप्ताहाच्या मंडपात, तमाशाच्या फडावर आणि निवडणुकीच्या सभेत तेव्हा एक लोखंडी पेटी असे. तिच्या जाळीतून काचेच्या नळ्यांचा नारिंगी उजेड दिसे आणि बाहेर लिंबाच्या फांदीला किंवा वाशाला बांधलेला कर्णा ओरडत असे. खापराचा तुकडा मातीत दोन हजार वर्षे टिकतो. लोखंडी पेटी मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते आणि तिचा इतिहास तेथेच संपतो. अलीकडच्या काळाबाबत आपली इतिहासदृष्टी अशीच आंधळी आहे, असे माझे मत आहे. म्हणून या पेटीविषयी, विशेषतः तिच्यातल्या शक्तिशाली व्हॉल्व्हविषयी आणि त्यांना लावल्या जाणाऱ्या 'बायस'विषयी, थोडे विस्ताराने लिहितो. विषय यंत्राचा वाटला तरी तो मुळात आवाजाचा आहे, आणि आवाज कोणाचा व किती दूर पोचावा हा प्रश्न मराठवाड्यात कधीच निव्वळ यांत्रिक नव्हता.

तो का नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. निजामी राजवटीत सभा भरवायची तर आधी परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हे नाव मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या आठवणींत अजूनही येते, ते या परवान्याच्या जाचामुळे. आज जालना जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, ती घटना केवळ राजकीय नव्हती. चार माणसांनी उघड्यावर एकत्र येऊन मोठ्याने बोलणे हीच तेव्हा एक कृती होती. त्याच काळात निजामाच्या राज्यात नभोवाणीही होती. हैदराबाद आणि औरंगाबाद येथील संस्थानी केंद्रे १९५० साली ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली. म्हणजे यंत्र सरकारचे आणि घसा प्रजेचा, अशी वाटणी होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती मोडली. यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून जो कर्णा वाजू लागला, त्याच्या कर्कशपणात या मोकळेपणाचाही वाटा होता. त्या कर्कशपणाची टिंगल करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ब्रिटिश मुंबईत हे आधीच घडले होते. ग्यानचंद मोटवाने यांची मूळची सिंधमधली कंपनी मुंबईत आली आणि 'शिकागो रेडिओ' या नावाने प्रसिद्ध झाली. १९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवण्याचे काम नानिक मोटवाने यांनी व्रतासारखे केले. गांधीजींचा आवाज लहान होता, हे सर्वश्रुत आहे. लाखाच्या सभेत तो शेवटच्या माणसापर्यंत पोचला याचे श्रेय आपण त्यांच्या नैतिक सामर्थ्याला देतो. ते योग्यच, पण त्या सामर्थ्याला काही वॅटची जोड होती, हे लिहायला आपण संकोचतो. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो पकडला गेला आणि त्या खटल्यात नानिक मोटवाने हेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले. पुढे याच घराण्याचा कारखाना नाशिक रोडला उभा राहिला. ज्या समाजात शाहिराच्या डफावर ग्रंथ निघतात, तेथे ध्वनिक्षेपकावर एक साधा लेखही असू नये? संयुक्त महाराष्ट्राच्या सभा घ्या, वा १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा घ्या. ते अफाट समुदाय व्हॉल्व्हच्या पेट्यांनीच एका आवाजात बांधले.

आता या पेटीच्या पोटात शिरू. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्या मध्यभागी तापणारा कॅथोड, त्याभोवती तारेची बारीक जाळी म्हणजे ग्रिड, आणि सर्वांत बाहेर पत्र्याची प्लेट. कॅथोड तापला की त्याच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटवरच्या तीनशे-चारशे व्होल्टच्या ओढीने तिकडे धावतात. मधल्या ग्रिडवर ऋण दाब असेल तर ती त्यांना अडवते. माइकमधून आलेला इवलासा आवाज या ग्रिडला दिला की अडवणूक कमी-जास्त होते आणि प्लेटपाशी तोच आवाज मोठा होऊन उमटतो. ली डी फॉरेस्टने १९०६ साली अशी तीन अवयवांची नळी केली. पुढे तिच्यात आणखी जाळ्या आल्या. १९३६ साली अमेरिकेच्या आर. सी. ए. कंपनीने 'सिक्स एल सिक्स' हा व्हॉल्व्ह काढला आणि सभा, सिनेमा व संगीत या तिन्ही क्षेत्रांत त्याने ठाण मांडले.

ग्रिडवर मुळात किती ऋण दाब ठेवायचा, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे बायस. आम्हा समीक्षेच्या लोकांना 'बायस' म्हणजे पूर्वग्रह एवढेच ठाऊक असते आणि तो नसावा असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. व्हॉल्व्हचे नेमके उलटे आहे. बायस नसला तर तो काही क्षणांत लालबुंद होऊन मरतो. कोणी बोलत नसतानाही व्हॉल्व्हमधून थोडा प्रवाह वाहत राहावा लागतो. याला आपण 'स्वस्थ प्रवाह' म्हणू. तो फार कमी ठेवला, तर पेटी थंड राहते, व्हॉल्व्ह दीर्घायुषी होतो, पण आवाजाला एक खरखरीत चीर पडते. कारण मोठ्या पेटीत दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात. लहरीचा वरचा अर्धा भाग एक उचलतो, खालचा दुसरा. एकाने खांदा काढला आणि दुसऱ्याने अजून दिला नाही, अशा त्या क्षणी पालखी जशी हिसकते, तसा आवाज हिसकतो. मोठ्या आवाजात हे लपते, पण हळू बोलताना स्पष्ट जाणवते. उलट प्रवाह फार ठेवला तर आवाज गुळगुळीत होतो, पण प्लेट तापून लाल दिसू लागते आणि महागामोलाचा व्हॉल्व्ह थोड्याच दिवसांत बसतो.

हिशेब अवघड नाही. सिक्स एल सिक्सच्या 'जीसी' या प्रकाराच्या प्लेटला ३० वॅट उष्णता सोसते. तिच्या सुमारे ७० टक्के, म्हणजे २१ वॅट, इतक्यावर स्वस्थ अवस्थेत थांबावे असा कारागिरांचा प्रघात आहे. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर २१ भागिले ४५०, म्हणजे साधारण ४७ मिलीअँपिअर. युरोपीय ईएल ३४ ची सोस २५ वॅटची. ४०० व्होल्टवर तिचा हिशेब ४४ मिलीअँपिअरच्या आसपास येतो. मोजायचे कसे? कॅथोडच्या वाटेत एक ओहमचा रोधक घालायचा आणि त्याच्यावरचे मिलीव्होल्ट वाचायचे; आकडा तोच मिलीअँपिअरचा. त्यात मधल्या जाळीचा थोडा प्रवाह मिसळलेला असतो, एवढे धरून चालायचे. मात्र हे करताना पेटीत माणूस मारण्याइतका दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ दबा धरून बसतो. म्हणूनच जुने कारागीर एक हात पाठीमागे ठेवून काम करीत. दुसरा दंडक असा, की कर्णा जोडल्याखेरीज पेटीवर आवाज सोडायचा नाही. भार नसला की आतल्या ट्रान्सफॉर्मरवर दाब चढून तो जळतो.

बायस देण्याच्या पद्धती दोन. एकीत स्वतंत्र ऋण दाब तयार करून तो स्क्रूने कमी-जास्त करतात. आवाज अधिक मिळतो, पण व्हॉल्व्ह बदलला की पुन्हा मोजणे आले. दुसरीत कॅथोडच्या वाटेत एक मोठा रोधक ठेवतात. प्रवाह वाढला की त्याच्यावरचा दाब वाढतो आणि व्हॉल्व्ह स्वतःच स्वतःला आवरतो. येथे थोडी शक्ती वाया जाते. पण ज्या गावी वीज नाही, पेटी मोटारीच्या बॅटरीवर व्हायब्रेटर लावून चालते, रात्र चढेल तसा दाब उतरतो, आणि ऐन कीर्तनात व्हॉल्व्ह गेला तर जवळ असेल तो खोचायचा आहे, तेथे दुसरी पद्धत हाच शहाणपणा ठरतो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, आणि त्यानंतरही मराठवाड्याच्या वाड्यावस्त्यांपर्यंत तारा यायला वर्षे लागली. त्या मधल्या काळात स्वतःला आवरणारा व्हॉल्व्ह हा या मुलखाचा मित्र होता.

पण कोणता व्हॉल्व्ह निवडायचा, याचे उत्तर ग्रंथात एक आणि बाजारात दुसरे असते. ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत रोचक वाटते. त्यासाठी जरा दूर, कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी जावे लागेल. तेथे लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, १९३८ चे. शिक्षण हिशेबनिसाचे, वाद्य वाजवता येत नसे. त्याने १९५१ साली 'प्रिसिजन बेस' हे विजेवर चालणारे खर्जाचे गिटार बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी 'बेसमन' नावाचा ॲम्प्लीफायर काढला. तोवर वाद्यवृंदात खर्ज म्हणजे माणसाहून उंच असा उभा डबल बेस असे. नव्या गिटाराची सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ कंपनांची. एवढ्या खालच्या सुराबाबत माणसाचा कान मंद असतो; मधला सूर जितक्या शक्तीत ठणठणीत ऐकू येतो त्याच्या कितीतरी पट शक्ती खर्जाला द्यावी, तेव्हा तो बरोबरीचा वाटतो. म्हणून बेसच्या ॲम्प्लीफायरला दमदार व्हॉल्व्ह, जड लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आणि तणाव सहन करणारा वीजपुरवठा, असे सगळेच दांडगे लागते.

पुढे लंडनमध्ये वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने १९६२ साली जो पहिला ॲम्प्लीफायर विकला, तो या बेसमनचीच जवळजवळ नक्कल होता. पण अमेरिकन व्हॉल्व्हऐवजी तिकडे सहज मिळणारे केटी ६६ आणि नंतर ईएल ३४ त्यात आले. ईएल ३४ लवकर फाटतो आणि फाटताना मधले सूर पुढे काढतो. रॉक संगीताचा तो प्रसिद्ध गुरगुरणारा आवाज, ज्यावर सौंदर्यशास्त्रीय चर्चांचे ढीग पडले आहेत, त्याच्या मुळाशी कोणत्या देशात कोणती काचेची नळी सोयीने मिळत होती हा व्यवहारही आहे. बेसवाल्यांना मात्र फाटणे परवडत नव्हते. १९६९ साली अँपेग कंपनीने ३०० वॅटचा 'एसव्हीटी' काढला. त्यात एकदम सहा शक्तिव्हॉल्व्ह होते. सुरुवातीला ६१४६ जातीचे, आणि ते नीट टिकेनात म्हणून लवकरच ६५५०. सहा व्हॉल्व्ह म्हटले की सहांचा स्वस्थ प्रवाह जुळवणे आले. जोडीत एक आळशी आणि एक उत्साही असला तर उत्साही आधी मरतो, हे संस्थांत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे निवड आणखी अरुंद होती. आयातीवर निर्बंध होते. बंगळूरच्या जालहळ्ळीत १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले. 'बेल'चा शिक्का असलेला ईएल ८४ हा त्यांतला मानाचा. प्लेटची सोस अवघी १२ वॅट, दोन मिळून पंधरा-सतरा वॅट आवाज देणारा. मोठ्या रेडिओच्या पोटात हाच बसे. सभा-समारंभाच्या तीस-चाळीस वॅटच्या पेटीला सिक्स एल सिक्स किंवा ईएल ३४ लागत. मजा अशी की बंगळूरला व्हॉल्व्ह सुरू झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९६२ साली, त्याच आवारात जर्मेनियमचे अर्धवाहक तयार होऊ लागले. व्हॉल्व्हची उचलबांगडी त्याच्या जन्मघरीच ठरली होती. खेड्यांत मात्र तो यानंतरही बराच काळ जगला, कारण दुरुस्त करता येणारी वस्तू खेडे सहजासहजी टाकत नाही.

या अरुंद निवडीचा सांस्कृतिक परिणाम काय झाला? तीस वॅटची पेटी आणि कर्णे ही जोडी बोलण्यासाठी उत्तम होती. पेटीचा आवाज शंभर व्होल्टच्या तारेवर चढवायचा, प्रत्येक कर्ण्याला लहान ट्रान्सफॉर्मर लावून उतरवून घ्यायचा, म्हणजे बारीक तारेवरही आवाज वेशीपासून मळ्यापर्यंत जातो. पण कर्ण्याची रचनाच अशी की सेकंदाला साधारण तीनशे कंपनांखालचे त्याला पेलत नाही. पुरुषाच्या आवाजाचा पाया शंभर-सव्वाशे कंपनांच्या घरातला. म्हणजे पुढाऱ्याच्या आणि कीर्तनकाराच्या आवाजाचा पायाच कर्ण्याबाहेर पडत नसे! तरी तो बाईचा वाटला नाही, कारण वरच्या स्वरांशांच्या अंतरावरून कान खालचा गहाळ स्वर मनाने भरून काढतो. ही श्रवणाची प्रसिद्ध किमया आहे. बोलणे अशा रीतीने तरले. ढोलकीची गोष्ट वेगळी. तिची थाप कर्ण्यातून कडकडीत येते, पण डग्ग्याच्या बाजूचा घुमारा विरून जातो. संबळ, दिमडी, पखवाज, सर्वांची हीच गत. फडाच्या समोर बसलेल्याला ढोलकी एक आणि फर्लांगभर दूर शेतात राखणीला बसलेल्याला दुसरीच. मराठवाड्यातल्या दोन-तीन पिढ्यांच्या कानांत लावणीची जी स्मृती आहे, ती बहुतांशी खर्ज गाळलेल्या लावणीची असली पाहिजे.

सिनेसंगीताबाबत हे अधिक स्पष्ट दिसते. मुंबईच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत गोमंतकीय वादकांनी खर्जाची एक समृद्ध परंपरा उभी केली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचा बेस गिटार हे एक स्वतंत्र पात्रच होते. १९७० च्या दशकातील त्या गाण्यांत कित्येक ठिकाणी चाल वरच्या सुरांवर नव्हे, तर या खालच्या तारेवर चालते. तीच तबकडी भोकरदनच्या मांडवात कर्ण्यावर लागली की टोनी वाझ गायब. त्यांच्या तारेचे वरचे स्वरांश तेवढे टकटक करीत पोचत असतील. वादकाने मुंबईत जे केले ते तबकडीत कोरले गेले, पेटीपर्यंतही आले, आणि शेवटच्या दोन हातांवर, कर्ण्याच्या निमुळत्या गळ्यात, अडले. आपल्या समीक्षेत 'ग्रामीण श्रोत्याची अभिरुची' असा शब्दप्रयोग फार सैलपणे होतो. चाल आणि शब्द यांवरच तो रमतो, वाद्यमेळाकडे त्याचे लक्ष नसते, असे म्हटले जाते. वाद्यमेळाचा अर्धा भाग त्याला ऐकवलाच गेला नव्हता, ही शक्यता मात्र कोणी विचारात घेत नाही. अभिरुचीचा निवाडा करण्याआधी श्रोत्यापुढचे यंत्र पाहावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

शहरातल्या ऑर्केस्ट्रांनी ही उणीव आधी भरून काढली. पुण्याच्या 'मेलडी मेकर्स'सारख्या वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत नाट्यगृहाच्या बंदिस्त जागेत, लाकडी खोक्यातल्या मोठ्या स्पीकरवर, खर्ज प्रत्यक्ष ऐकायला मिळे. गिटारवाल्यापाशी स्वतःचा ॲम्प्लीफायर असे. आमच्याकडच्या भीमगीतांच्या आणि लग्नाच्या पार्ट्यांत बेस गिटार क्वचितच आले. तेथे खर्जाची जबाबदारी आधी ढोलकीच्या डाव्या हातावर आणि नंतर कीबोर्ड वाजवणाऱ्याच्या डाव्या हातावर पडली. तोवर ट्रान्झिस्टर आला होता. त्यालाही बायस लागतोच, पण तो कारखान्यातच ठरून येतो. मांडवातल्या माणसाने मोजण्याचा प्रश्न राहत नाही. शक्ती स्वस्त झाली. तीस वॅटसाठी जेवढे पैसे पडत, तेवढ्यात तीनशे आणि पुढे तीन हजार मिळू लागले.

मग जे झाले ते आपल्या डोळ्यांदेखत झाले. शतकाच्या वळणावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खोक्यांच्या भिंती चढल्या आणि जो खर्ज पन्नास वर्षे अडला होता तो एकदम बांध फोडून आला. खिडक्यांची तावदाने थरथरणे हेच संगीत ठरले. केंद्र शासनाचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेबाबत कडक निर्णय दिला; मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा शासनाचे कान उपटले. येथे एक बारकावा नोंदवावासा वाटतो. नियमातला डेसिबल मोजताना कानाच्या स्वभावाला धरून खालच्या सुरांना कमी वजन दिले जाते. त्यामुळे छातीत घुमणारा खर्ज मापकात त्याच्या खऱ्या धक्क्यापेक्षा लहान दिसतो. शिवाय तो भिंती ओलांडून जातो. वरचे सूर जात नाहीत. शेजारच्या गल्लीत गाणे ऐकू येत नाही, फक्त धपधप ऐकू येते, ती यामुळे.

या गोंगाटाला वैतागून काही मंडळी जुन्या कर्ण्याचे गोडवे गाऊ लागली आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. पहाटे चारला सुरू होणारा कर्णाही तेवढाच निर्दय होता आणि परीक्षेच्या दिवसांत त्याने कित्येकांचा छळ केला आहे. फरक एवढाच, की व्हॉल्व्हच्या पेटीला स्वतःची शारीरिक मर्यादा होती. ती ओलांडली की आवाज फाटे, प्लेट लाल होई आणि पेटीवाला धावत येऊन बटण उतरवी. त्याला गावाच्या झोपेची नव्हे, व्हॉल्व्हच्या किमतीची काळजी असे. परिणाम मात्र गावाच्या पथ्यावर पडे. आजच्या पेटीवाल्याला अशी काळजी करण्याचे कारण उरलेले नाही.

हा पेटीवाला कोण होता, हेही लिहून ठेवले पाहिजे. बहुधा रेडिओ आणि घड्याळ दुरुस्तीचे दुकान चालवणारा, टपाली अभ्यासक्रमातून किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकलेला. त्याला ऋणाग्र, धनाग्र, जालक हे आमच्या परिभाषा कोशातले शब्द ठाऊक नसत. तो कॅथोड, प्लेट, ग्रिड म्हणे. पेटी गरम झाल्यावर येणाऱ्या वासावरून कोणता भाग जळू घातला आहे हे तो सांगे. फाटलेल्या आवाजाचे त्याच्यापाशी प्रकार होते: सूर चिरतो तो वेगळा, घोगरा होतो तो वेगळा, शिट्टी मारतो तो माइक आणि कर्णा एकमेकांसमोर आल्यामुळे. सर्व जातिधर्मांच्या मांडवांत त्याचा वावर असे. सप्ताह, उरूस, जयंती, प्रचारसभा, सगळीकडे तीच पेटी आणि तेच दोन व्हॉल्व्ह. राजूरच्या गणपतीच्या यात्रेत हरवलेल्या पोराचे नाव पुकारण्यापासून उमेदवाराच्या विजयाच्या घोषणेपर्यंत सारे त्याच्याच तारेतून जाई, आणि त्याचे स्वतःचे सार्वजनिक उद्गार मात्र 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन' एवढेच. आमच्या महाविद्यालयांतून ग्रामनामांवर, ओव्यांवर, बोलींवर प्रकल्प होतात. अशा कारागिरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचा प्रकल्प एखाद्या विभागाने हाती घ्यावा. माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

व्हॉल्व्ह मात्र संपलेला नाही. रशियातील साराटोव्ह, स्लोव्हाकियातील चाडत्सा आणि चीन येथे तो अजूनही बनतो, आणि त्याचा मुख्य गिऱ्हाईक आता गिटारवाला आहे. मार्च २०२२ मध्ये युद्धामुळे रशियन माल अडला, तेव्हा जगभरच्या वादकांची धावपळ उडाली आणि भाव चढले. त्या धावपळीत जुन्या साठ्यांचा शोध सुरू झाला. बंगळूरच्या 'बेल'चा शिक्का असलेले, पुठ्ठ्याच्या खोक्यातले न वापरलेले ईएल ८४ परदेशी संग्राहक विकत घेतात. फिलिप्सच्या पद्धतीने घडवलेले म्हणून त्यांना किंमत येते. खोके उघडणारा आधी काच हलवून पाहतो, मग आतला रुपेरी डाग पाहतो. तो पांढरा पडला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. रुपेरी असेल तर पेटीत खोचायचा, अर्धा तास तापू द्यायचा, आणि एक ओहमवरचे मिलीव्होल्ट वाचायचे.